गुडघ्यातले निखारे

त्या वर्षी मला देवीचा राग आला होता. मी शिरगावच्या लईराईचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारा. वडील खाणीवर मजूर होते. तेही धोंड; त्यांच्यानंतर त्यांची व्रताची वेताची काठी माझ्याकडे आली. घरातला पहिला पदवीधर झालो, शाळेत शास्त्र शिकवू लागलो, तरी जत्रा कधी चुकवली नाही. आणि नेमक्या जत्रेच्या तोंडावर शाळेच्या पायरीवर पाय मुरगळला, गुडघ्यातली गादी फाटली. म्हापशाच्या इस्पितळात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. यंदा होमकुंड नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

भूल उतरली तसा गुडघा पेटला. सिस्टरने दुखणं आणि सूज कमी करणारं इंजेक्शन आणलं, ते मी नको म्हटलं. मनाशी ठरवलं होतं, निखारे चुकले तर निदान हे दुखणं देवीला वाहायचं. बायकोला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "देवीला विचारलंत, की परस्परच ठरवलंत?" मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी बाई आली. मी पायाला हात लावू देईना. मग डॉक्टर आले. पाय असाच धरून ठेवलात तर गुडघा आखडेल, मग पुढच्या जत्रेचंही विसरा, म्हणाले. इंजेक्शन झोप लागावी म्हणून नाही, पाय हलवता यावा म्हणून आहे, हेही त्यांनी समजावलं. मला भीती वाटली. पण देवीला दिलेला शब्द मोडायचा कसा?

दुपारी एक नवी सिस्टर आली. वयाने मोठी, म्हापशाचीच, ख्रिस्ती. तिच्या ट्रेमध्ये सुईशेजारी रुमालात मोगरीच्या कळ्या होत्या. सकाळी मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे म्हापशाच्या चर्चमधल्या मेरीमातेच्या फेस्ताला, तिच्या वार्षिक सणाला जाऊन ती कामावर आली होती. लईराई आणि सायबीण यांना आमच्याकडे बहिणी मानतात. फेस्ताला देवीकडून तेल जातं, जत्रेला सायबिणीकडून मोगरी येते. मी धोंड आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. केसपेपरवर गाव वाचून तिने विचारलं, "शिरगावचे न्हय? मग ही तुमच्या देवीची," आणि कळ्या माझ्या उशाशी ठेवल्या.

त्या वासाने मला भरून आलं. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती सुईत औषध भरत ऐकत होती.

"बाब, बहिणीकडचं आलेलं देवी परत पाठवत नाही. फुलं घेतलीत, आता सुईपण घ्या."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर फुलंपण परत द्या."

बायको तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं. मी कुशीवर वळलो.

दुखणं सगळं गेलं नाही, पण मागे सरलं. संध्याकाळी पाय उचलला, गुडघा थोडा वाकवला. औषध श्रद्धाळूला लागू पडतं तसंच नास्तिकालाही, हे मी मुलांना शिकवतो. सूज औषधानेच उतरली. माझा हट्ट कुणी उतरवला, ते मात्र मला सांगता येत नाही. देवीला द्यायचं म्हणून मी जे घट्ट धरून बसलो होतो, ते तिने मागितलंच नव्हतं. ती देत होती, आणि मी हात पुढे करत नव्हतो.

त्या वर्षीची जत्रा मी लांबून पाहिली, काठी हातात धरून. पुढच्या वर्षी व्रताला बसण्याआधी मी सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन गेलो. गर्दीत ती सिस्टर दिसते का पाहिलं, दिसली नाही. तेल वाहिलं आणि आजूबाजूची माणसं करत होती तसा गुडघे टेकून बसलो. गुडघा पुरता वाकला. थोडी कळ आली, तेवढी येऊ दिली. मग तिथली मोगरी घेऊन शिरगावची बस धरली.