मागच्या डाव्या चाकाची स्प्रिंग

हळदीच्या बाजारात बोलण्यात मी कधी कुणाला हार गेलो नाही. थोरल्या बहिणीने मात्र मला भर रस्त्यात हरवले. गेल्या दिवाळीला मी मुराळी म्हणून तिला आणायला कुरुंद्याला गेलो, तर गाडीकडे बघून ती म्हणाली, "पिशवी ठेव गाडीत. मी एसटीनं येते." आणि खरोखरच आली. पुढे एसटी, मागे मी, आणि माझ्या मागच्या सीटवर एकटी पिशवी. हा अपमान मी वर्षभर उराशी धरून होतो.

तिच्या पाठीचा मणका दुखतो, हे मला कळत होते. गाडी मी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतली होती. त्याने मूळचे शॉकअप काढून बाहेरचे भारी बसवले होते. शॉकअपवरच स्प्रिंग, तिच्याखाली आट्यांची कडी. कडी फिरवली की गाडी वरखाली होते. घासाघीस करून हे सगळे मी गाडीच्याच भावात पदरात पाडून घेतले, याचा मला फार अभिमान. पण मागची डावी स्प्रिंग थकली. गाडी एका अंगाला कलायची, खड्ड्यात दाणकन आपटायची, आणि बहीण नेमकी डावीकडेच बसायची.

नरसीच्या रस्त्यावरचा मिस्त्री माझा जुना दोस्त, तोंडाने माझ्याच तोडीचा. यंदा दिवाळीआधी गाडी त्याच्याकडे सोडली. म्हणालो, "आक्का बसली पाहिजे. बराबर करून दे."

संध्याकाळी गाडी अगदी सरळ उभी. मी खूश होऊन निघालो, आणि पहिल्याच खड्ड्यात तोच दणका. तसाच मागे फिरलो.

"काय केलंस रे?"

"बराबर केली."

"ही बराबर हाय?"

"मोजा ना. दोन्हीकडं चाकावर सारखीच जागा हाय."

त्याने थकल्या स्प्रिंगखालची कडी वर चढवून गाडी समपातळीत आणली होती. मला बराबर म्हणजे ठीक हवी होती; त्याने बराबर म्हणजे सारखी करून दिली.

"स्प्रिंग काहून न्हाई बदलली?"

"बदलली असती तर तुमीच म्हणले असते, न इचारता काहून बदलली. मागं फिल्टर बदललं तर दिवाळीपासून होळीपर्यंत शिव्या देऊन राहिले."

मी आवाज चढवला. तोही चढला. "बदलायची तर दोन्ही बाजूंच्या बदला. म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुपता का तुमी?"

शेवटी सौदा ठरला. मी दोन्ही घ्यायच्या. पण बसवल्यावर कुरुंद्यापर्यंत मागे डावीकडे त्याने स्वतः बसायचे.

त्याच मापाच्या, तेवढ्याच कडक स्प्रिंगा पुण्याहून मागवल्या. त्याने क्लॅम्प लावून जुनी दाबली, काढली आणि नवीशेजारी उभी केली. ती बोटभर खुजी झाली होती. माझी हळदीची पोती वाहून बिचारी बसली होती. मला जरा वाईटच वाटले.

"रडता काय?" मिस्त्री म्हणाला.

"गप काम कर."

कुरुंद्याला पोचलो तेव्हा बहीण दारातच पिशवी घेऊन उभी होती. मला तिने काही विचारलेच नाही. मिस्त्रीला विचारले, "तू मागं बसून आलास?"

"व्हय आक्का."

"पाठ?"

"पाठ ठीक हाय. कान दुखून राहिले. सगळ्या रस्त्यानं ह्यांच्या तोंडून तुमचीच तक्रार ऐकली."

ती हसली, त्याला पुढे बसवले आणि मागे डावीकडे बसली. वसमत गेले, औंढा गेले. मी आरशात सारखा तिचा चेहरा बघत होतो. दिसेल तो खड्डा वळसा घालून चुकवत होतो.

हिंगोलीत दारापाशी गाडी उभी केली. मिस्त्री उतरला. ती उतरेना.

"उतर की," मी म्हणालो.

"नरसीला दर्शन घेऊन येऊ."

"आता? उद्या जाऊ."

"आताच. अन् सरळ ने. माझ्यासाठी खड्डे चुकवत बसू नको."

मी गाडी वळवली.