खर्ऱ्याने भरलेली तोंडं

आमच्या गावात तलावाचं पाणी आधी शेवटच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना मिळतं, वरच्यांना नंतर. जुनी पद्धत आहे. यंदा धान गर्भात असताना सगळ्यात वरच्या शेतकऱ्याने पाटात मातीची पोती टाकून पाणी अडवलं. आमच्या बांध्या अगदी टोकाला. पाणी आलं नसतं तर लोंब्या पोचट झाल्या असत्या.

"मी काय भेतो त्याले? आज बैठकीत सरळच करतो," नवरा अंगणात गरजला. शेजारचे दोघेतिघेही असेच गरजले.

समाजमंदिरात बैठक बसली. मी आणि सुट्टीवर आलेली मुलगी दाराशी बसलो. पाणी अडवणारा तो माणूस आला, बसला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी उघडली आणि फिरवली. गावातला ट्रॅक्टर त्याचा, धान कापायचं मशीनही त्याचंच. पुडीला नाही कोण म्हणणार? तक्रारवाल्यांनीच पहिली चिमूट उचलली.

"बोला ना भाऊ, काय तरास आहे?" त्याने विचारलं.

"हं... तसं काई नाई," नवरा भरल्या तोंडाने म्हणाला आणि थुंकायला बाहेर गेला. बाकीचे माना डोलवत राहिले. झाली बैठक.

"स्पाइनलेस!" मुलगी वाटेत चिडून म्हणाली. नागपूरच्या कॉलेजात हा शब्द फार चालतो म्हणे. मी अर्थ विचारला.

"पाठीचा कणा नसलेला."

मला पटलं नाही. यांची पाठ धानाचं पोतं उचलते, दिवसभर चिखलात वाकते. कण्याला कशाला बदनाम करायचं? ज्याला फुकटचा खर्रा पुरतो, त्या माणसासाठी इंग्रजांनी वेगळा शब्द केला असेल तर तो शिकव, म्हटलं.

सकाळी फावडं घेऊन पाटावर गेले. मुलगी सोबत होती. आम्ही पोती ओढून काठावर टाकत होतो, तेवढ्यात तो आला.

"वहिनी, हे काय करून राहिल्या? भाऊ कुठी आहेत?"

"त्यांचं तोंड भरलेलं आहे. माझं रिकामं आहे, माझ्याशी बोला."

तो पोत्यांकडे बघत उभा राहिला. मग खिशात हात घालून पुडी काढली, आणि माझ्याकडे बघून परत ठेवली. पाणी खाली निघालं होतं.

दुपारी बांध्या भरल्या. नवरा शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "शेवटी आमीच मोकळा केला पाट."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी फावडं धूत होते.