सांगली नावाच्या फायली

बग सुटला की विसरतो, किस्सा मात्र साचतो! आमच्या कंपनीचं एक ऑफिस साताऱ्यात, दुसरं सांगलीच्या माधवनगरला, आणि दोन्हींचा मॅनेजर म्हणून माझा जीव दोन्हीकडे टांगलेला. मलकापूरच्या डेअरीचं सॉफ्टवेअर निम्मं इथं व्हायचं, निम्मं तिथं. दोन्ही निम्म्यांनी एकमेकांना काय सांगायचं ते एका फायलीत लिहायचं; त्यावरून मशीन आपोआप कोड काढून देतं.

*

पहिल्याच दिवशी घोळ. साताऱ्याच्या कदमसरांनी त्या फायलीत डेअरीचा 'सभासद' लिहिला, माधवनगरच्या शीतलनंही. एकाच नावाचे दोन झाले, कोड जोडला जाईना.

"आमचा सभासद आधीचा हाय!" फौजेतून निवृत्त होऊन कोडिंग शिकलेले कदमसर फोनवर गरजले.

"आवं सर, तुमचा कालच जन्मलाय!" शीतल म्हणाली.

मी तिसरा चहा हातात घेऊन येरझाऱ्या घालत होतो.

*

सरांनी मग मशीननं काढलेल्या कोडमध्येच हातानं नावं बदलली. शीतलनं कोड पुन्हा काढला, आणि सरांचं दोन दिवसांचं काम साफ!

"सर, फायलीत वरच लिहिलंय की, हात लावू नका म्हणून."

"असल्या पाट्या बघून थांबलो असतो, तर फौजेत कशाला गेलो असतो?"

*

शेवटी नेमस्पेस ठरले. म्हणजे प्रत्येक नावापुढं आपापलं गाव लावायचं. सरांनी साताऱ्याच्या आत आणखी एक सातारा घातला. "डबल बंदोबस्त!" कॉम्प्युटर आतल्या साताऱ्यातच शोधत बसला, बाहेरचं काही त्याला सापडेना. माझं नखं खाणं सुरूच.

*

आणि हा एक किस्सा. आमच्या कंपनीच्या मालकांनी ठरवलं, माधवनगरचं ऑफिस बंद, शीतलनं पुण्याला जायचं. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, ती जाणार कशी? मला फार वाईट वाटत होतं, पण तोंड उघडायची हिंमत होईना.

मालक साताऱ्यात आले. शीतल स्क्रीनवर. मालकांनी कोड दाखवायला सांगितला, तर जिथं तिथं सांगली! आदल्या दिवशी सरांनी साताऱ्याचं सगळं कामही सांगलीच्या नावाखाली हलवलं होतं. असं नाव बदलणं म्हणजे खरं तर दुपारभराचं काम.

"हे काय?" मालक म्हणाले.

"साहेब, सगळं सांगलीवर उभं हाय. ती बंद केली तर मलकापूरच्या डेअरीचं दूध घेणं थांबंल."

"मग नाव बदला. किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं तरी," सर छाती काढून म्हणाले.

मालक माझ्याकडे वळले. "खरं?"

मी स्क्रीनवरच्या शीतलकडे एकदा पाहिलं.

"अडीच धरा, साहेब," मी म्हणालो.