तपकिरीचा खळगा

चाचा तपकीर चिमटीनं ओढत नसत. अंगठा ताठ उभा करून त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ जो खळगा पडतो त्यात ती ठेवायचे आणि डोळे मिटून नाकात ओढायचे. आमच्या मेडिकल कॉलेजात शवविच्छेदनाच्या हॉलचे ते शिपाई. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांची शाळा सुटली ती सुटलीच, पण हाताचं कुठलंही हाड ते नुसतं चाचपून ओळखत.

इंग्रजी पुस्तकात त्या खळग्याला ‘तपकिरीची डबी’च म्हणतात, हे मला कळलं त्यांच्याकडून. जुन्या काळी युरोपातले शौकीनही तिथंच तपकीर ठेवून ओढत, म्हणून ते नाव पडलं. चाचांना याचा कोण अभिमान! मी मुकुंदवाडीच्या शेतकऱ्याची पोर, इंग्रजी पुस्तकं पाहून रडकुंडीला यायचे. मग चाचा माझाच हात धरून शिकवत. “बेटी, तळहातावर पडलेला माणूस आला की डबीत दाबून बघायचं. दुखलं तर फोटू साफ असला तरी पलस्तर घालायचं. आतलं हाड लई लबाड. तुटलं तरी पंधरा-पंधरा दिवस फोटूत दिसत नाय.”

मी डॉक्टर होऊन तिथल्याच दवाखान्यात लागले आणि चाचा ‘बेटी’वरून ‘म्याडम’वर आले. मी रागवायचे, पण ऐकतील तर शपथ.

एकदा हॉलच्या ओल्या फरशीवर ते घसरले, तळहातावर पडले. माझ्यापुढं पेशंटांची झुंबड, मागं सात-आठ विद्यार्थी. मी एक्स-रे उजेडात धरला. साफ होता. त्यांच्या हाताला हातही न लावता मी म्हणाले, मुरगळलाय, पट्टी बांधा.

ते दुसऱ्या डॉक्टरकडे गेले नाहीत. कुणी सुचवलंच तर म्हणायचे, आमच्या म्याडमनं बघितलंय. आतलं हाड मोडलंय हे तीन महिन्यांनी कळलं, तोवर ते जुळायचं राहून गेलं होतं. ऑपरेशनचाही उपयोग झाला नाही. उजव्या हातानं भरला तांब्या उचलेना, म्हणून त्यांना हॉलमधून काढून फाटकावर बसवलं.

मी औरंगपुऱ्यात त्यांच्या खोलीवर गेले. तुम्हाला तर सगळं माहीत होतं, मग बोलला का नाहीत, असं विचारलं आणि रडायलाच लागले.

“मालूम तर होतं,” चाचा म्हणाले. “पण मागं तुमची पोरं उभी होती ना. त्यांच्यासमोर तुमाला कसं शिकवू?”

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. माझी इभ्रत राहावी म्हणून त्या माणसानं आपला उजवा हात घालवला. आणि मी त्यांना कुठं दुखतंय, एवढंही विचारलं नव्हतं.