रताळ्याची ओळ

पत्नी गेल्यावर महिन्याभरानं मी पुन्हा शाळेवर रुजू झालो. शेंद्र्याच्या अलीकडच्या एका गावात शाळा होती. औरंगपुऱ्यातल्या खोलीतून सकाळी निघायचं, एसटीत पुस्तक उघडायचं आणि एकही पान न उलटता उतरायचं, असे ते दिवस. पिशवीत तिनं केलेला खेळ असायचा. तो वर्गात काढायला मन होत नव्हतं, घरी ठेवायलाही होत नव्हतं.

ती शहरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आजारपणात अंथरुणावर बसून तिनं माझ्या वर्गासाठी हा पट रंगवला. शहागंजातून मांजरपाट मीच आणून दिला होता. खेळाचं नाव तिनं ठेवलं, खाण्याचं रान. वरच्या ओळीत आंबा, चिंच, जांभूळ. त्याखाली सीताफळ आणि पेरू, मग बोरीची झुडपं, मग वेल, मग घोळ-तांदुळजा, आणि सगळ्यांत खाली मातीच्या रंगात रताळी. फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. ठरलेले डाव झाले की उन्हाळा आला; त्याच्या आत सगळ्या ओळी भरल्या तर सगळे जिंकले. एक जरी रिकामी राहिली तर सगळे हरले.

गावातली तरणी माणसं चिकलठाण्याच्या कंपन्यांत पाळीवर जाऊ लागली होती आणि बांधावरची झाडं एकेक करून तुटत होती. एकमेकांच्या सावलीत वाढणारं रानही माणसाला जेवू घालतं, एवढं तरी पोरांना कळू दे, असं ती म्हणायची.

शेवटी एका शनिवारी मी पट पसरला.

"गुर्जी, ह्यात दुसऱ्याची सोंगटी मारायची नाय?" एका शेतकऱ्याच्या मुलानं विचारलं.

"नाही."

"मंग खेळ कशाचा?"

वर्ग हसला. आपापली ओळ निवडा म्हटल्यावर आंब्यावर चार हात एकदम पडले. एका मेंढपाळाच्या मुलीनं बोर धरली.

"माझ्या शेळ्यांला पाला लागतो."

"तुझ्या शेळ्या समदं रान खात्याल!"

"खाऊ दे. लेंड्या मंग तुझा बाप टाकतो का?"

पुन्हा हशा. तोवर फक्त खालची ओळ उरली होती.

"ती तिला द्या की," मागं बसलेल्या एका मुलीकडं बोट दाखवत तोच शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला. "खालचं हाय ना ते."

ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतली ती एकच मुलगी तेव्हा वर्गात येत होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात बोलणं बंद झालं होतं आणि वस्तीनं बाकीची पोरं घरी ठेवली होती. त्या मुलाच्या आवाजात द्वेष नव्हता. पाढा म्हणावा तसं तो बोलला. मी काही म्हणायच्या आत तिनं आपली सोंगटी रताळ्यावर ठेवली होती. ती सगळा डाव खेळली. ओळी भरल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही.

शाळा सुटल्यावर मी वस्तीवर गेलो. तिची आई दारात ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "गुर्जी, पोरगी म्हणती, शाळंत बी मला मातीतच घातलं. एवढं भांडून मी एकटी तिला धाडत होते. आता तीच नाय म्हणती."

मुलगी आईच्या मागं उभी होती.

"तो पट तसाच ऱ्हाणार?" तिनं विचारलं.

"तो आमच्या घरच्या बाईंनी काढलाय."

"मंग बाईंला इचारा."

"त्या आता नाहीत."

"मंग तुमीच करा काय करायचं ते," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसातली कात्री मागून घेतली. पत्नीचा हात शेवटी शेवटी थरथरायचा, म्हणून खालच्या ओळींतल्या रेघा वाकड्या होत्या. मी त्या वाकड्या रेघांवरूनच कापत गेलो. वर-खाली असं काही ठेवलं नाही. प्रत्येक झाडाचा, वेलीचा, कंदाचा वेगळा तुकडा केला. आंब्याचं एक पान चुकून दुसऱ्या तुकड्यावर गेलं. काम थोडंच होतं, पण मी फार थकलो.

कापलेले तुकडे घेऊन मी पुन्हा वस्तीवर गेलो आणि आईच्या हाती दिले. तिनं ते मुलीला दिले. मुलीनं सगळे उलटसुलट करून पाहिले आणि परत केले.

शुक्रवारी ती वर्गात होती. न बघता पिशवीतून तुकडे काढायचे, असं ठरलं. तिला जांभूळ आलं. त्या शेतकऱ्याच्या मुलाला रताळं.

"गुर्जी, बदलून द्या ना."

"बदलायचं नाय," तिनंच सांगितलं. "आन रडतो कशाला? जांभळाला लई वर्सं लागत्यात. रताळं पयलं खायला भेटतं, येड्या."

तुकडे कसे मांडायचे यावरून पोरं इतकी भांडली की वेळ त्यातच गेला. वेलाला आधार कुणी द्यायचा ते ठरेना. चिंचोके पडले, उन्हाळा आला, दोन तुकडे तसेच रिकामे. सगळे हरले.

घंटा झाली. मी तुकडे गोळा करायला खाली वाकलो, तर तिनं जांभूळ हातातच धरून ठेवलं होतं.

"उद्या परत मांडू," ती म्हणाली.