एकाच डब्यातली पावडर

राजवाड्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. पावडरबाई म्हटलं की दरवानापासून थोरल्या राणीसाहेबांपर्यंत सगळ्यांना कळे. घराण्यातल्या कुणाला कॅमेऱ्यासमोर बसायचं असलं तर आधी पावडरबाईच्या खुर्चीत बसावं लागे. तिच्याआधी हे काम तिच्या सासूकडे होतं. सासूनं जाताना सुनेच्या हाती पावडर घोटायची पद्धत दिली आणि वर ताकीद दिली, की तिथे जे ऐकशील ते तिथेच विसरून यायचं. दोन्ही तिनं जिवापाड सांभाळलं होतं.

त्या घराची एक रीत होती. घराण्याचा मोठा फोटो निघायचा त्या दिवशी सगळ्यांच्या चेहऱ्याला एकाच डब्यातली पावडर लागायची. चांदीचा डबा, आत फिकट गुलाबीसर पावडर. पहिला हात थोरल्या राणीसाहेबांना, मग वयाप्रमाणे बाकीचे, आणि तान्हं मूल असेल तर शेवटी त्याच्या गालाला नुसतं बोट. नव्या सुनेच्या चेहऱ्यावर त्या डब्यातली पावडर पडली की ती घरची झाली, असं मानत. आजवरच्या सुना या ना त्या राजघराण्यातून आलेल्या, गोऱ्यापान. डब्याला कधी अडचण आली नव्हती.

धाकट्या युवराजांनी मात्र समुद्रापलीकडची मुलगी केली. शिकलेली, हसरी आणि वर्णानं काळी.

"मुलं कुणावर जातील गं?" राणीसाहेबांच्या बहिणीनं एकदा पावडरबाईच्या समोरच विचारलं. उद्या पाऊस पडेल का, असं विचारावं तसं.

"आपलं रक्त जोरदार आहे," राणीसाहेब आरशात बघत म्हणाल्या. "दोन पिढ्यांत सगळं धुऊन निघेल."

पावडरबाईनं ब्रश झटकला आणि सवयीप्रमाणे ऐकलेलं विसरायला घेतलं. पण ते काही जाईना. कारण आदल्याच रविवारी तिच्या स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी, ती लेकीला जवळजवळ हेच बोलली होती.

लेक इस्पितळात नर्स होती. तिनं आपल्या मनानं ठरवलेला मुलगा त्याच इस्पितळाच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि यानं वरून दार उघडून तिला हात दिला. तोही समुद्रापलीकडचा, धाकट्या सूनबाईंच्याच वर्णाचा.

"मुलगा चांगलाच असेल, मी कुठे नाही म्हणते?" पावडरबाई म्हणाली होती. "पण पुढे मुलं होतील, ती काळी होतील. त्यांना लोक काय काय बोलतील, याचा विचार केलास?"

"लोक म्हणजे कोण, आई?"

"लोक म्हणजे लोक!"

"आत्तापर्यंत तरी एकटी तूच बोलली आहेस," असं म्हणून लेक ताट उचलून आत गेली.

तेव्हापासून घरात दोघींचं बोलणं दुधाचं बिल आणि नळाचं पाणी एवढ्यावर आलं होतं. लेक हातची जाईल अशी भीती पावडरबाईला सारखी वाटायची. पण आपण चुकीचं बोललो, असं काही तिला वाटत नव्हतं. काळजी करणं हा आईचा हक्कच आहे, असं ती मनाशी म्हणायची.

मग मोठ्या फोटोचा दिवस आला. राणीसाहेबांपासून सुरुवात झाली आणि एकेकाचं आटपून धाकट्या सूनबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी पर्समधून स्वतःची छोटी डबी काढली, आतली पावडर दाट तपकिरी.

"मी माझी आणलीये," त्या हळूच म्हणाल्या. "तुमची मला चालणार नाही बहुतेक."

खरं तर पावडरबाईला तिथेच थांबता आलं असतं. पण तिला त्या पोरीची दया आली. रीत मोडली तर पहिल्याच दिवशी राणीसाहेबांच्या मनातून उतरेल बिचारी. शिवाय थोडी उजळ दिसली तर उलट लोकांची तोंडं बंद होतील. अगदी मायेनं ती म्हणाली, "आज घरचीच लावू या ना, सूनबाई. फोटोत सगळे एकसारखे दिसतील. मी अगदी पातळ हात फिरवते."

सूनबाईंनी डबी मिटली आणि डोळेही मिटले.

फोटोग्राफर म्हातारा आणि तोंडाळ होता. "काय बाई, आज तोंडाला पीठ फासलंय की काय?" तो तिच्या कानाशी पुटपुटला. तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पण फ्लॅश उडाला आणि फोटोत नको ते उतरलं. कपाळ आणि गाल राखाडी, मान आणि हात काळेभोर. एखाद्या आजारी बाईला उठवून बसवावं तशी धाकटी सून त्या रांगेत दिसत होती.

"छान आलाय," राणीसाहेब म्हणाल्या. त्यावर कोण काय बोलणार? फोटो छापला गेला आणि सगळ्या कचेऱ्यांत, टपालघरांत, इस्पितळांत लागला.

इस्पितळात तो लिफ्टच्या शेजारीच लागला.

लेक त्या संध्याकाळी घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता आईसमोर उभी राहिली. "तो आज दिवसभर त्या फोटोसमोर शिडी लावून काम करत होता. सुटल्यावर मला एकच विचारलं त्यानं. म्हणाला, हे तुझ्या आईचं काम ना? मग आपल्या लग्नाच्या फोटोत माझ्या तोंडाला कोण हात लावणार?"

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच..."

"माहितीये. म्हणूनच जास्त भीती वाटते." लेकीचा आवाज चढला नव्हता, पडला होता. "आई, आम्ही नोंदणी करून लग्न करणार. तू यायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही."

पावडरबाईला कुणी तोंडात मारावी तसं झालं. आजवर बोलावणं पाठवायचं की नाही, हे ठरवणारी ती होती.

काही महिन्यांनी, लेकीच्या लग्नाची तारीख ठरण्याआधीच, सूनबाईंना मुलगी झाली. राजवाड्यात बाळ बघायला जाणारे आधी त्याच्या कानाची पाळी बघत. रंग पुढे कसा येणार, ते तिथे कळतं म्हणे. पुन्हा फोटो ठरला, पुन्हा डबा निघाला. सूनबाईंना या वेळी युवराजांनी हट्टानं स्वतःचीच पावडर लावू दिली होती. राणीसाहेबांनी ते गिळलं, पण बाळाच्या गालाला लावायचं बोट त्या सोडणार नव्हत्या.

"तिला घराण्याच्या डब्यातलं हे पहिलं बोट आहे," त्या म्हणाल्या. "जरा सढळ हातानं लाव गं."

पावडरबाई बोट बुडवून पुढे झाली, तशी सूनबाईंनी बाळ झटकन खांद्याकडे वळवलं. बाळाच्या गालावर हाताचा पंजा ठेवून उभ्या राहिल्या आणि पावडरबाईकडे बघत राहिल्या. राणीसाहेबांकडे नाही, त्यांच्या बहिणीकडे नाही, तिच्याकडे. त्या खोलीत ती आई जिला भीत होती, ती आपणच आहोत, हे पावडरबाईला तेव्हा कळलं.

तिनं बोट पदराला पुसलं. "पावडर खराब झालीये, राणीसाहेब," ती म्हणाली. "वास येतोय. बाळाच्या कातडीला त्रास व्हायचा."

राणीसाहेबांनी डबा नाकाशी धरला. वास कसलाच नव्हता. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी कुणी येईल."

भर दुपारी घरी परतलेली आई बघून लेक चरकली. पावडरबाईनं सगळं सांगितलं. मनात कुठेतरी होतं, की आता ही जवळ येईल, गळ्यात पडेल.

लेक समोर खुर्ची ओढून बसली. "नोकरी गेली, वाईट झालं," ती म्हणाली. "पण आई, तू खराब झालीये म्हणालीस. लावणार नाही, असं नाही म्हणालीस."

"तेवढं धाडस नाही झालं गं."

"आणि उद्या माझ्या मुलाला कुणी काही बोललं, तर? तेव्हाही असंच काहीतरी कारण सांगणार?"

चालेल असं एखादं वाक्य सुचतंय का, म्हणून पावडरबाईनं मनात चाचपून पाहिलं. जी सापडली ती सगळी राजवाड्यात शिकलेली, गुळगुळीत. शेवटी ती म्हणाली, "त्याला एकदा घरी आण. त्या रविवारी मी तुला जे बोलले होते ना, मुलांबद्दल, ते त्याच्यासमोर कबूल करते. मग तो काय म्हणेल ते म्हणू दे."

"तो म्हणेल ते ऐकवेल तुला?"

"ठाऊक नाही."

लेकीनं त्याला फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पावडरबाई खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. आत जावंसं वाटत होतं, पण बोलावल्याशिवाय जायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.