आयेची पाचवारी

संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चे निघत होते, त्या दिवसांत मी लग्न होऊन बोटीने अमेरिकेला निघाले. आये, म्हणजे माझी आई, लालबागच्या गिरणीत कामाला होती. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून मोर्च्यात बाप्यांच्याही पुढे चालायची. आणि मी शहाणी! ह्यांच्या ऑफिसातली साहेबी माणसं बंदरावर येणार, म्हणून तिला म्हटलं, "आये, उद्या पाचवारी नेस ना. तिथे सगळ्या गोल साडीतल्या असतील."

तिने शेजारच्या मालूताईची पाचवारी मागून आणली आणि जन्मात पहिल्यांदा नेसली. बंदरावर ही गर्दी! तिचे पाय अडकायला लागले. "ह्या साडीत माका चलूक जमणा नाय गो. तू हो पुढे," म्हणाली. मी झाले पुढे. वळून पाहिलं तर मध्ये माणसंच माणसं. आयेच्या पाया पडायचं राहूनच गेलं.

अमेरिकेत एका सणाला शेजारच्या म्हातारीने जेवायला बोलावलं. टेबल भरून पदार्थ मांडले आणि हात पसरून म्हणाली, "द होल नाइन यार्ड्स!" नऊ वार? मी चमकले. ह्यांनी सांगितलं, म्हणजे अख्खं, हातचं काही न राखता. हे नऊ वार आले कुठून, ते म्हातारीलाही ठाऊक नव्हतं. मला मात्र आयेची नऊवारी आठवली. माझी अख्खी आये मीच घरी ठेवायला लावली होती.

पत्रात माफी मागावी, तर आयेला वाचता येत नव्हतं. पत्र मालूताई मोठ्याने वाचणार, सगळी चाळ ऐकणार. मेली माझी लाज पुन्हा आडवी आली!

सहा वर्षांनी पहिल्यांदा मुंबईला भेटीला गेले, तर विमानतळावर आये समोरून तरातरा आली. पाचवारीत! "बघ, आता पाय अडकत नाय. रोज गॅलरीत चलान चलान शिकलंय."

मी तिथेच तिचे पाय धरून रडले. "माझं चुकलं, आये. तू नऊवारीच नेस."

"ह्या सांगूक सहा वर्षां लागली तुका?" म्हणत तिने माझ्याच पदराने माझं नाक पुसलं.

तुम्ही तिथे महाराष्ट्रात राहिलेले आणि माझ्यासारखे इथे अमेरिकेत निघून आलेले, सगळेच आता विचारता, तुझं घर नक्की कुठलं? आये जाऊनही खूप वर्षं झाली. मी पत्ता सांगत नाही. माझ्यासाठी एक बाई पन्नाशीत पुन्हा चालायला शिकली, तेच माझं घर.